पोटात एक की दोन? घोडीच्या चौदाव्या दिवसाचा प्रश्न

शेळीला जुळी करडे झाली की घरात आनंद होतो; बाजारात न्यायला एकाऐवजी दोन नग. मेंढीचेही तसेच. गाईला जुळे झाले तर जाणता शेतकरी थोडा विचारात पडतो, कारण खोंडाच्या जोडीने जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ निघते. बाईला जुळे राहिले तर घरचे पेढ्यांचा विचार करतात आणि डॉक्टर रक्तदाबाचा. घोडीच्या बाबतीत असा दुहेरी सूर नाही. घोडीच्या पोटात जुळे राहणे ही जवळपास प्रत्येक वेळी वाईट बातमी असते. ती वेळेवर कळली तर उपाय पाच-दहा मिनिटांचा असतो. उशिरा कळली तर उपाय असे फारसे काही उरत नाही.

वेळेवर म्हणजे कधी, याचे उत्तर घोडीच्या बाबतीत महिन्यांत देता येत नाही, दिवसांत द्यावे लागते. स्त्रीबीज सुटल्यापासून चौदावा, पंधरावा, फार तर सोळावा दिवस. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा, म्हणजे ३३० ते ३४५ दिवसांचा. त्यातले दोन-तीन दिवस पुढच्या दहा महिन्यांचे भवितव्य ठरवतात. वैद्यकात इतकी अरुंद फट क्वचित सापडते, आणि त्या फटीतून पाहण्याची सवय आपल्याकडच्या बहुसंख्य घोडीमालकांना कुणी लावलेलीच नाही.

जुळे घोडीला एवढे का जड जाते, हे तिच्या वारेत दडलेले आहे. माणसाची वार ताटलीसारखी असते. गर्भाशयाच्या भिंतीत एका जागी खोल रुजते. गाईची वार अनेक बटणांसारख्या गाठींनी गर्भाशयाला जोडलेली असते. घोडीची वार मात्र गर्भाशयाच्या सगळ्या आतल्या अस्तरावर, एका शिंगाच्या टोकापासून दुसऱ्या शिंगाच्या टोकापर्यंत, मखमलीसारखी पसरते. ती खोल रुजत नाही. म्हणून शिंगराला जे काही मिळायचे ते पसाऱ्यावर अवलंबून असते. एका शिंगराला तो सगळा पसारा लागतो. दोघे आले की जागेची वाटणी होते, आणि जिथे दोघांची आवरणे एकमेकांना टेकतात तिथे तर आईचे अस्तरच नसल्याने कुणालाच काही मिळत नाही. वाटणी सहसा समान होत नाही. एकजण बरीच जागा बळकावतो, दुसरा कोपऱ्यात खुरटतो. पुढच्या महिन्यांत दोघांची गरज वाढते, जागा वाढत नाही. बहुधा धाकटा आधी मरतो आणि त्याच्यापाठोपाठ घोडी दोघांनाही टाकते.

हे घडते तेही सातव्या, आठव्या, नवव्या महिन्यात, जेव्हा मालकाने खुराक वाढवलेला असतो आणि शिंगराचे नावही ठरलेले असते. घोडीची कास वेळेआधीच भरली, दूध गळू लागले, तर जाणकाराच्या मनात पहिला संशय जुळ्याचाच येतो. ब्रिटनमधल्या थरोब्रेड घोड्यांवर जेफकॉट आणि व्हिटवेल यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही या विषयात आधाराचा मानला जातो. त्यांनी पाहिलेल्या जुळ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जोड्यांत एकही शिंगरू जिवंत जन्मले नाही. जी जन्मली त्यांतही अशक्त, अपुऱ्या वाढीची पुष्कळ. शिवाय घोडीची दैना वेगळीच. लांब पायांची दोन पिल्ले एकमेकांत अडकली की बाळंतपण अवघड होते. वार अडकली तर ताप येतो, आणि त्यातून खुरांच्या आतल्या थराला सूज येऊन घोडी कायमची लंगडी होऊ शकते. घोड्याच्या बाबतीत लंगडेपण म्हणजे काय, हे सांगायला नको.

हे जुळे जवळजवळ नेहमी दोन वेगळ्या बीजांपासून होते. एकाच माजात दोन बीजे सुटतात आणि दोन्ही फळतात. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत दोन बीजे सुटण्याचे प्रमाण बरेच, साधारण १५ ते २५ टक्के माजांत. छोट्या चणीच्या तट्टांत ते पुष्कळ कमी. काही घोड्यांच्या घराण्यांत हा गुण आईकडून लेकीकडे येतो, आणि एका मोसमात दोन बीजे सोडणारी घोडी पुढच्या मोसमातही तेच करण्याचा संभव असतो. म्हणून घोडीचा पूर्वेतिहास विचारणे ही तपासणीची पहिली पायरी. माणसाच्या डॉक्टरला हे नवीन नाही; जुळ्यांचा कौटुंबिक इतिहास विचारताना तोही आईच्या बाजूकडे जास्त कान देतो.

सोनोग्राफी येण्यापूर्वी पशुवैद्यकाकडे एकच हत्यार होते, स्वतःचा हात. गुदमार्गातून हात घालून बीजकोष चाचपायचा, आणि दोन बीजपुटके पक्व वाटली तर त्या माजात घोडी भरवायचीच नाही, असा प्रघात होता. वरवर शहाणपणाचा वाटतो, पण फार महाग पडणारा. घोडीचे माजचक्र साधारण एकवीस दिवसांचे. एक माज गेला म्हणजे तीन आठवडे गेले. उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेड शिंगराचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी धरतात, भारतातही तसेच. त्यामुळे मे महिन्यात जन्मलेले शिंगरू फेब्रुवारीत जन्मलेल्याच्या बरोबरीने, त्याच वयाचे म्हणून शर्यतीत धावते. तीन आठवड्यांना म्हणूनच पैशांत मोजण्याजोगी किंमत आहे. त्यातून, दोन पुटके दिसली तरी अनेकदा गर्भ एकच राहतो. म्हणजे जुळ्याच्या भीतीने पुष्कळ चांगले एकेरी गर्भही नाकारले जात होते.

चित्र बदलले १९८० साली. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी स्त्रियांच्या पोटावर ध्वनिलहरी वापरून केलेले काम १९५८ साली प्रसिद्ध झाले होते; तिथून घोडीपर्यंत यायला बावीस वर्षे लागली. फ्रान्समध्ये पामर आणि द्रिआंकूर यांनी सोनोग्राफीचा प्रोब गुदमार्गातून नेऊन घोडीचे गर्भाशय आणि बीजकोष पाहता येतात हे दाखवले. हाताला जे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर जाणवे, ते डोळ्याला दुसऱ्या आठवड्यात दिसू लागले. दहाव्या-अकराव्या दिवशी चार-सहा मिलिमीटरचा काळा गोल ठिपका, चौदाव्या दिवशी दीड सेंटिमीटरच्या आसपासचा पाण्याने भरलेला चिमुकला फुगा. चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी त्यात हृदयाची फडफड.

यानंतरचा शोध जास्त विलक्षण आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातले ओ. जे. गिंथर आणि त्यांचे सहकारी त्या फुग्याचा तासन् तास पाठलाग करत बसले, आणि १९८३ च्या सुमारास त्यांनी सांगितले की घोडीचा गर्भ सुरुवातीला एका जागी थांबतच नाही. दिवसातून अनेकदा तो एका शिंगातून दुसऱ्या शिंगात, तिथून गर्भाशयाच्या मधल्या भागात आणि परत, असा फिरत राहतो. माणसाचा गर्भ सहाव्या-सातव्या दिवशी भिंतीला चिकटतो आणि संपले. घोडीचा गर्भ सोळाव्या दिवसापर्यंत गस्त घालतो. हिंडण्याचे कारण असे की गर्भ राहिला आहे हा निरोप त्याला गर्भाशयाच्या कानाकोपऱ्यात स्वतः जाऊन द्यावा लागतो. निरोप पोचला नाही तर गर्भाशय माज परत आणणारे रसायन सोडते आणि गर्भ जातो. सोळाव्या दिवशी गर्भाशयाची भिंत आवळते, फुगा मोठा झालेला असतो, आणि तो कुठल्या तरी एका शिंगाच्या बुडाशी अडकून बसतो. खरे रुजणे पुढे पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते.

चौदाव्या दिवसाचे महत्त्व या फिरतीत आहे. दोन्ही फुगे मोकळे फिरत असतात, तेव्हा कुशल पशुवैद्यक प्रोबच्या मदतीने त्यांना एकमेकांपासून दूर करतो, एकाला शिंगाच्या टोकाकडे नेतो आणि बोटांच्या किंवा प्रोबच्या दाबाने फोडतो. दुसरा फुगा सुखरूप राहण्याचे प्रमाण सरावाच्या हातात ९० टक्क्यांहून जास्त असते. शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत. सोळाव्या दिवसानंतर दोन्ही फुगे एकाच शिंगात शेजारी शेजारी बसले, आणि बहुतेक वेळा ते तसेच बसतात, तर एकाला फोडताना दुसऱ्याचाही बळी जाण्याचा धोका वाढतो.

एक फोडायचा हे ऐकताना अंगावर काटा येणे स्वाभाविक आहे. पण इथे निवड दोन शिंगरे की एक अशी नसते. बहुतेक वेळा ती एक की शून्य अशी असते, आणि शून्याच्या बाजूला घोडीचे आयुष्यही लागलेले असू शकते.

निसर्ग स्वतः काही करत नाही असे मात्र नाही. एकाच शिंगात शेजारी बसलेल्या दोन फुग्यांपैकी पुष्कळदा एक पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत आपोआप विरतो, विशेषतः दोघांच्या आकारात फरक असेल तर. मोठा फुगा धाकट्याला अस्तरापासून वंचित करतो. इतक्या लवकर विरलेल्याचे पाणी शोषले जाते आणि उरलेल्याला सगळी जागा मिळते. पण दोन फुगे दोन वेगळ्या शिंगांत बसले तर आपोआप विरण्याची आशा ठेवू नये. ‘निसर्ग बघून घेईल’ म्हणणाऱ्याला आधी ते कुठे बसले आहेत हे माहीत असायला हवे, आणि ते पाहिल्याशिवाय कळत नाही. वाट पाहणे हाही उपचार असतो. पाहून वाट पाहणे आणि न पाहता वाट पाहणे यांत मात्र महदंतर आहे.

दुसरी मर्यादा पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास येते. तेव्हा घोडीच्या गर्भाशयात वाट्यांसारख्या छोट्या ग्रंथी तयार होतात. गर्भाच्या आवरणातल्या पेशीच आईच्या अस्तरात घुसून त्या बनतात आणि एक संप्रेरक रक्तात सोडू लागतात. कोल आणि हार्ट यांनी १९३० साली गाभण घोडीच्या रक्तात हे संप्रेरक ओळखले. या वाट्या एकदा बनल्या की गर्भ राहो वा जावो, त्या बहुधा चौथ्या महिन्यापर्यंत टिकतात, आणि तोवर घोडी नीट माजावर येत नाही. म्हणजे चाळिसाव्या दिवशी जुळे सापडले आणि उपाय करताना दोन्ही गर्भ गेले, तर तो सगळा मोसम गेला. त्याच्या आधी सापडले असते तर महिन्याभरात घोडी पुन्हा भरवता आली असती.

त्यानंतरही मार्ग आहेत, पण ते मोठ्या अश्व रुग्णालयांचे मार्ग आहेत. योनिमार्गातून सुई घालून एका फुग्यातले पाणी काढणे. तिसऱ्या महिन्याच्या आसपास एका गर्भाची मान आतल्या आत निखळवणे, हे तंत्र अमेरिकेतल्या केंटकीतील पशुवैद्यकांनी रुळवले. चौथ्या-पाचव्या महिन्यात पोटातून सुई घालून एका गर्भाच्या हृदयात पोटॅशियम क्लोराइड सोडणे. तिळ्या-चौळ्यांच्या गर्भारपणात माणसांच्या डॉक्टरांनाही हेच औषध वापरावे लागते. पण तिथे यश साधारण निम्म्या घोड्यांत, तेही अनुभवी हातांत. चौदाव्या दिवशी दोन बोटांनी होणारे काम पाचव्या महिन्यात इतके अवघड होऊन बसते.

यंत्र असले म्हणजे निदान झाले असेही नाही. फुगा फिरता असल्यामुळे तो सापडण्याची ठरलेली जागा नसते. डाव्या शिंगाच्या टोकापासून उजव्या शिंगाच्या टोकापर्यंत आणि खाली गर्भाशयाच्या मुखापर्यंत सगळे पाहावे लागते, आणि एक फुगा सापडल्यावरही पाहणे चालू ठेवावे लागते. ही शेवटची गोष्ट म्हणायला सोपी, करायला कठीण. क्ष-किरण तज्ज्ञांना आपल्या व्यवसायातली ही खोड चांगली ठाऊक आहे: एक दोष सापडला की नजर समाधानी होते आणि दुसरा तिथेच असून दिसत नाही. घोडीत तर पहिला फुगा सापडणे ही आनंदाची बातमी असते. मालक शेजारी उभा असतो, ‘आहे का?’ विचारत असतो, आणि ‘आहे’ म्हणण्याचा मोह कुणाला होणार नाही?

शिवाय दोन बीजे एकाच वेळी सुटतात असे नाही. दुसरे एक-दोन दिवस उशिरा सुटले असेल तर चौदाव्या दिवशी धाकटा फुगा इतका लहान असतो की निसटतोच. म्हणून बीजकोषावर दोन खुणा दिसल्या आणि फुगा एकच सापडला, तर दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. दोन फुगे चिकटून बसले तर एकच वाटतात. उलट चूकही होते. वय झालेल्या घोड्यांच्या गर्भाशयात पाण्याच्या छोट्या गाठी असतात, त्या हुबेहूब गर्भाच्या फुग्यासारख्या दिसतात. फरक एवढाच की गाठ हिंडत नाही आणि दोन दिवसांत वाढत नाही. गर्भ दिवसाला तीन-चार मिलिमीटरने वाढतो. चांगले पशुवैद्यक घोडी भरवण्याआधीच तिच्या गर्भाशयातल्या गाठींचा नकाशा कागदावर काढून ठेवतात. हे काम कंटाळवाणे आहे, आणि याच कागदाने पुढे एखादा निरोगी एकेरी गर्भ जुळे समजून मारला जाण्यापासून वाचतो.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या परिसरातल्या मोठ्या स्टड फार्मवर हे सगळे होते. तिथे थरोब्रेड पैदास होते, नैसर्गिक संयोगाशिवाय दुसऱ्या मार्गाने झालेल्या थरोब्रेड शिंगराची नोंदच होत नाही, आणि एका शिंगराची किंमत पाहता चौदाव्या दिवशीची सोनोग्राफी नाकारणे कुणाला परवडत नाही. प्रश्न त्यांचा नाही. प्रश्न आहे तो ज्याच्या दारात एक किंवा दोन घोड्या आहेत त्याचा. वरातीत घोडी नाचवणारा, गिरिस्थानावर पर्यटकांना फिरवणारा, मारवाडी किंवा काठियावाडी घोडी हौसेने बाळगून दरवर्षी एखादे शिंगरू विकणारा. त्याच्यासाठी एक शिंगरू म्हणजे वर्षाची कमाई असते.

त्याने घोडी भरवली की तो गावच्या पशुवैद्यकाला विचारतो, तपासायला कधी आणू? उत्तर बहुधा येते, ‘दोन-अडीच महिन्यांनी आणा.’ हे उत्तर गाईचे आहे. गाई-म्हशींचा गाभणपणा हाताने तपासायला दोन-तीन महिने थांबणे हा आपल्याकडचा रूढ आणि योग्य रिवाज, आणि आपल्या पशुवैद्यक सेवेची घडणच गाई-म्हशींभोवती झालेली आहे. त्यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. एका दवाखान्याच्या हद्दीत हजारो गुरे आणि चार घोड्या असतील तर सवय गुरांचीच लागणार. पण गाईचे कॅलेंडर घोडीला लावले की जुळे ओळखण्याची वेळ टळून गेलेली असते, पस्तिसाव्या दिवसाची मर्यादाही उलटलेली असते, आणि ‘गाभण आहे’ हे उत्तर बरोबर असूनही फारसे उपयोगाचे राहत नाही.

रक्तचाचणीचेही तसेच. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने वर सांगितलेल्या संप्रेरकावर आधारलेली गाभणपणाची चाचणी विकसित केली आहे. जिथे गुदमार्गे तपासणी करणारा कुणी नाही तिथे तिचा मोठा आधार आहे. पण ती ‘आहे की नाही’ सांगते, ‘किती’ ते सांगत नाही. ती पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतरच बोलू लागते. आणि त्या वाट्या एकदा बनल्या की गर्भ मेला तरी संप्रेरक काही काळ रक्तात राहते, म्हणून पोट रिकामे झालेल्या घोडीलाही ती गाभण म्हणू शकते. चाचणी चांगली आहे. तिला जो प्रश्न विचारलाच नाही त्याचे उत्तर तिच्याकडून घेऊ नये.

माणसांच्या बाळंतपणात याचीच जुळी गोष्ट आहे. बाईच्या पोटात दोन बाळे आहेत हे सातव्या महिन्यातही कळते. पण त्या दोघांची वार एकच आहे की वेगवेगळी, हे खात्रीने सांगण्याची वेळ अकरा ते चौदा आठवड्यांची. तेव्हा दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे टेकतो तिथे ग्रीक लॅम्डा अक्षरासारखी जाडसर खूण दिसते, किंवा दिसत नाही. पुढे पडदा पातळ होतो, खूण पुसट होते. एकाच वारेवरच्या जुळ्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांत एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वळते, म्हणून त्यांची सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासणी लागते. वेगळ्या वारेवरच्यांना इतकी लागत नाही. सरकारी रुग्णालयात सातव्या महिन्यात पहिली सोनोग्राफी घेऊन येणाऱ्या बाईच्या रिपोर्टवर ‘जुळे’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा यंत्र होते, तज्ज्ञ होता, फक्त दिवस चुकला होता. घोडी आणि बाई यांची तुलना कुणाला रुचणार नाही, पण चूक एकाच जातीची आहे.

या सगळ्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला, देशी घोड्यांत जुळ्यांचे प्रमाण थरोब्रेडइतके नसावे, मग प्रत्येक घोडीची तपासणी कशाला? तपासणी फक्त जुळ्यासाठी नसते, हे त्याचे उत्तर. गर्भ राहिला नसेल तर चौदाव्या-पंधराव्या दिवशी कळते आणि अठराव्या-विसाव्या दिवशी येणारा पुढचा माज हातचा जात नाही. दोन महिन्यांनी ‘नाही’ ऐकणाऱ्याचे दोन-तीन माज गेलेले असतात. तपासणीचा खर्च एवढ्यावरच वसूल होतो. जुळे सापडणे ही वरची बाब.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घोडीचा गुदमार्ग नाजूक असतो. आवळलेल्या आतड्यात जोर लावला तर तो फाटतो, आणि फाटला तर घोडी बहुधा वाचत नाही. गाईत वर्षानुवर्षे हात घालणाऱ्यालाही घोडी वेगळी शिकावी लागते. जोर न लावता थांबणे, घोडीने जोर केला की हात मागे घेणे, गरज पडली तर गुंगीचे औषध देणे. म्हणून ‘प्रत्येक दवाखान्याला यंत्र द्या’ ही मागणी ऐकायला बरी आणि प्रत्यक्षात धोक्याची आहे. त्यापेक्षा जिथे घोडे खरोखर आहेत त्या जिल्ह्यांत, जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, घोडीचे प्रशिक्षण घेतलेला एक पशुवैद्यक आणि एक फिरते यंत्र ठेवावे. भरवण्याच्या मोसमात त्याचे आठवड्याचे दोन वार ठरलेले असावेत, एकच नव्हे, कारण चौदावा दिवस कुणाच्या सोयीने येत नाही आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहण्याची गरज असतेच. यंत्राच्या किमतीपेक्षा त्या माणसाची बदली दरवर्षी होणार नाही याची हमी जास्त महत्त्वाची.

मालकाच्या बाजूने लागणारी गोष्ट फुकटची आहे: तारीख. घोडीचा माज पाच-सात दिवस टिकतो आणि बीज सुटते ते माज उतरण्याच्या एक-दोन दिवस आधी. त्यामुळे ‘अमुक आठवड्यात भरवली’ एवढे पुरत नाही. पहिल्यांदा आणि शेवटचे कधी भरवली, घोडीने घोड्याला नाकारायला कधी सुरुवात केली, हे तीन दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेले असले तर पशुवैद्यकाला चौदावा दिवस मोजता येतो. मागच्या वर्षी घोडी गाभडली होती का, किती महिन्यांची असताना, आणि पडलेली शिंगरे एक की दोन, हेही लिहून ठेवावे. गाभडलेले बहुधा लगेच पुरून टाकतात, कुणी मोजत नाही.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. देशभरातले घोडे तिथे विक्रीला येतात. ‘गाभण घोडी आहे’ म्हटले की बोली वाढते. उन्हाळ्यात भरवलेली घोडी तेव्हा सहा-आठ महिन्यांची असते, म्हणजे जुळे असेल तर ते टाकण्याच्या उंबरठ्यावर. त्या वेळी पोट चाचपून एक की दोन हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पुढे लोंबकळलेल्या गर्भाशयाच्या वरच्याच भागाला हात लागतो. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत दोन हृदये दिसू शकतात, पण दुसरे दिसले नाही म्हणजे ते नाही असे ठरत नाही. घेणाऱ्याने दात पाहावेत, चाल पाहावी, भोवरे पाहायचे असतील तर तेही पाहावेत, आणि विकणाऱ्याला आणखी विचारावे: कुठल्या तारखांना भरवली, त्यानंतर कितव्या दिवशी पाहिली, कुणी पाहिली, किती दिसले आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहिले का. सोनोग्राफीचा कागद असेल तर त्यावर छापलेली तारीख भरवल्याच्या तारखेशी ताडून पाहावी. दोन तारखांत अडीच महिन्यांचे अंतर निघाले, तर तो कागद गाभणपणाचा पुरावा म्हणून घ्यावा आणि जुळ्याची जोखीम बोलीतून वजा करावी.